जुना अनुस्वार आणि अंकीय ग्रंथालय

ग्रंथांचे संगणकीकरण झाले की ग्रंथपालाचे काम संपले, असा समज आपल्या अभ्यासकवर्गातही रूढ होऊ लागला आहे. मराठी ग्रंथांपुरता तरी तो किती फसवा आहे, हे एका अनुस्वाराच्या आधारे दाखविता येते.

हरि नारायण आपटे यांच्या सुप्रसिद्ध कादंबरीच्या मूळ शीर्षकात 'लक्षांत' असा सानुस्वार शब्द आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार वगळले; आजचा विद्यार्थी 'लक्षात' असेच लिहितो. वाचकाला हा भेद अडत नाही. अक्षरशः जुळणी पाहणाऱ्या संगणकीय शोधाला मात्र हे दोन निराळे शब्द होत. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' यांचीही तीच गत. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांत एखादी संज्ञा कितीदा येते, हे अशा शोधावरून ठरविणाऱ्याचा निष्कर्ष नकळत चुकतो. शिवाय जुन्या छपाईतील शाईचा ठिपका आणि अनुस्वार यांत यंत्राची गल्लत होते, ती वेगळीच. 'दुसऱ्या' यातील र युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदविता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, म्हणून ही चूक तर सापडतही नाही.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात अनेक मराठी ग्रंथांच्या पृष्ठप्रतिमा तयार झाल्या, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांची शीर्षके रोमन लिपीत, एकसूत्रता न राखता नोंदविली गेली. ग्रंथ आहे, पण तो कोणत्या वर्णांनी हाक मारल्यावर ओ देईल, हे कळत नाही.

येथे शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे स्मरण होते. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांची नोंद करणाऱ्या त्या सूचीचे मोल ग्रंथ जवळ बाळगण्यात नसून तो ओळखता येईल असे त्याचे वर्णन करण्यात आहे. अंकीय ग्रंथालयात ग्रंथपालाकडे हेच सूचिकाराचे काम येते: जुने व नवे लेखन एकमेकांस जोडणे, लेखकाचे आद्याक्षरी व पूर्ण नाव एका नोंदीखाली आणणे, आवृत्ती तपासणे. या कामाला पदे आणि निधी मिळत नाहीत. प्रतिमांच्या संख्येचे अहवाल मात्र निघतात.

एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधिकेच्या टिपणात एक पुस्तक 'अनुपलब्ध' म्हणून नोंदविले होते. ते आमच्याच ग्रंथालयातील कार्डांच्या खणात, जुन्या लेखनानुसार, व्यवस्थित नोंदलेले निघाले.