गुन्ह्यांचा आकडा आणि गावाची सुरक्षितता

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी गुन्ह्यांचा आकडा वाढला की गावाची अब्रू गेली, अशी भावना होते. तथापि हा आकडा घडलेल्या नव्हे, तर नोंदविलेल्या गुन्ह्यांचा असतो. गुन्ह्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे काढतात. पाच हजार वस्तीच्या गावात एक घरफोडी अधिक झाली, तर ते प्रमाण २० ने चढते! म्हणून एका गावाची एकाच वर्षाची तुलना व्यर्थ होय. पाच वर्षांची नोंद एकत्र पाहावी. कायदाही बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पहिल्यांदाच केलेली पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरली. विहिरीवरील केबल चोरीस जाणे न थांबताही दखलपात्र चोऱ्या त्यामुळे कमी दिसू शकतात.

खरी चिंता न नोंदलेल्या गुन्ह्यांची आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे वाद गावातच मिटविण्याची वाट दाखविली, हे स्तुत्यच. परंतु विवाहितेचा छळ चावडीवर ‘मिटविला’ गेला, तर गाव कागदोपत्री शांत राहते आणि ती स्त्री त्याच घरात परत जाते. अशा तक्रारी नोंदल्याने आकडा फुगला, तर सरपंच वा पोलीस पाटील यांनी ओशाळण्याचे कारण नाही. तिने अथवा तिच्या नातलगाने खबर दिल्यास हा गुन्हा दखलपात्र असतो. ती खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते व तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते.