खुणेचा दगड

जालन्याच्या मुलीने हिमनदीवर लेख लिहावा, याचे माझ्या मैत्रिणींना हसू आले. आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीतल्या ग्लासात! गोदावरी काय किंवा कुंडलिका काय, आपल्या नद्या पावसाच्या पाण्यावर वाहतात. मग हा विषय मला का सुचला? त्याचे कारण आमची विहीर.

या विहिरीला दगडी पायऱ्या आहेत. पाणी कितव्या पायरीवर आहे ते पाहून वडील मोसंबीच्या बागेला किती पाणी द्यायचे ते ठरवत. २०१२-१३ च्या दुष्काळात शेवटची पायरीही उघडी पडली आणि बाग तोडावी लागली. मी तेव्हा लहान होते. पण पायऱ्या मोजण्याची सवय तेव्हापासून लागली. पुढे भूगोलात हिमनद्यांविषयी वाचताना वाटले, अरे, हे शास्त्रही पायऱ्या मोजूनच वाढले आहे!

साचलेले हिम स्वतःच्या भाराने दबून घट्ट होते व उतारावरून सरकू लागते, तीच हिमनदी. ती सरकते हे मोजले कसे? १८२७ साली ह्यूगी नावाच्या स्विस अभ्यासकाने आल्प्समधील उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. १८४१ पर्यंत ती झोपडी सुमारे चौदाशे मीटर खाली आली होती! लुई आगासीने याच हिमनदीवर आडव्या रांगेत खुंट रोवले. मधले खुंट काठच्या खुंटांपेक्षा पुढे गेले. म्हणजे नदीप्रमाणेच येथेही मधली धार वेगवान!

आपल्याकडे १९०६-०७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी कुमाऊँ, लाहौल व काश्मीरमध्ये गेले. हिमनद्या जिथे संपतात तिथल्या खडकांवर त्यांनी खुणा केल्या, म्हणजे पुढे येणाऱ्याला अंतर मोजता यावे. १९३५ मध्ये ऑडन यांनी गंगोत्री हिमनदीच्या टोकाचा, गोमुखाचा, नकाशा केला.

परंतु नुसते टोक पाहून फसगत होते. टोक जागच्या जागी दिसते आणि वरचा थर मात्र पातळ होत असतो. म्हणून जमाखर्च मांडावा लागतो : हिवाळ्यात किती हिम जमा झाले, उन्हाळ्यात किती वितळले. १९७४ पासून हिमाचल प्रदेशातील गारा हिमनदीवर हा हिशेब सुरू झाला. बर्फात खांब रोवायचे आणि ते किती उघडे पडले ते मोजायचे. आमच्या विहिरीच्या पायऱ्याच की या!

सगळ्याच हिमनद्यांवर माणूस पोचू शकत नाही. तेथे उपग्रह मदतीला आला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील डॉ. अनिल कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती व बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांची १९६२ च्या नकाशांशी तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार २०७७ चौरस किलोमीटर क्षेत्र १६२८ वर आले होते. म्हणजे एकवीस टक्के घट.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या अहवालात, २०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होतील, असे विधान छापून आले. त्यामागे मोजणी नव्हती. जानेवारी २०१० मध्ये समितीला चूक मान्य करावी लागली. त्यावरून काही जण म्हणू लागले की हिम वितळतच नाही! तेही खोटेच. भीती घालणारा आणि भीती उडवून लावणारा, दोघांनीही पायरी मोजली नव्हती.

वाचकहो, हिमालय आपल्यापासून फार दूर आहे. पण आपल्या गावची विहीर दूर नाही. तिच्या काठावर एखादी खूण करून दरवर्षी एकाच दिवशी पाणी मोजायला काय हरकत आहे? गेल्या मे महिन्यात मी आमच्या वहीत पहिली नोंद केली : पाणी नवव्या पायरीवर. पुढच्या मेमध्ये दुसरी नोंद होईल, तेव्हा कुठे मला काही बोलता येईल.