आमच्या शाईचे कागद कोण जपणार?

सुदानचे इब्राहिम अल-सलाही हे आधुनिक आफ्रिकी चित्रकलेतले मोठे नाव. १९७५ साली तिथल्या सरकारने त्यांना खटला न चालवता खार्टूमच्या कोबेर तुरुंगात सहा महिने डांबले. तिथे कागद-पेन्सिल बाळगणे हाच गुन्हा होता. मग हा माणूस मिळेल त्या चिटोऱ्यावर चित्र काढायचा आणि पहारेकरी आला की वाळूत पुरायचा. सुटल्यावर त्यांनी शाईने भरलेली वही आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. २०१३ साली लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. अशा चित्रकाराचे सुरुवातीचे एखादे शाईचे चित्र सापडले की जग त्याला दुर्मीळ ठेवा म्हणते.

आता प्रश्न आमचा. आमच्या शाईचे काय झाले?

वरळीची बीडीडी चाळ म्हणजे आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. ५ जानेवारी १९७४ च्या सभेनंतर इथेच दंगल पेटली आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. त्या काळी पत्रके, पोस्टर, जयंतीचे फलक आमच्याच पोरांनी बोरूने आणि ब्रशने रंगवले. राजा ढाले लेखक होते, तसेच चित्रकारही होते. पुढे नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके, पाठीला झाडू बांधलेला माणूस कागदावर उभा केला. प्रस्थापितांच्या कलादालनांना ही रेघ पचायला जड गेली. म्हणून ती आपणच जपली पाहिजे.

वरळीत बीडीडीच्या १२१ चाळी, एका खोलीत १६० चौरस फूट. पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हक्काचे घर मिळाले, याचा आम्हाला आनंदच आहे. पण घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी आधी रद्दीवाल्याकडे जाते. त्या पेटीत आमचा इतिहास असतो.

यासाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. जुने पत्रक वा चित्र सापडले तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्हींनी कागद खराब होतो. घड्या उलगडून कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, ओल आणि ऊन लागू देऊ नका. मागे पेन्सिलीने काढणाऱ्याचे नाव, साल, चाळ क्रमांक लिहा. मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कारण त्यांच्यानंतर सांगणारा उरणार नाही. प्रत्येक बुद्धविहाराने अशा कागदांची एक नोंदवही ठेवली, तर वस्तीचे संग्रहालय वस्तीतच उभे राहील.

अल-सलाहींनी आपली चित्रे पहारेकऱ्यापासून लपवली. आमच्या कागदांवर आज कोणाचा पहारा नाही. ते नष्ट झाले, तर ते आमच्याच हातून होतील.