आठ विजय, सोळा पराभव

अमेरिकेतील बेसबॉलचा खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. पण त्यातील एक कोडे तुम्हांला नक्की सोडवता येईल. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा ‘पिचर’. तेथे सामन्यातील विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर मांडतात. १९८७ साली ह्यूस्टन अॅस्ट्रोज संघाच्या नोलन रायनच्या नावावर ८ विजय आणि १६ पराभव लागले. मग तो वाईट पिचर होता काय?

मुळीच नाही! दर नऊ डावांमागे त्याने सरासरी २.७६ धावा दिल्या. नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी हीच सर्वांत कमी सरासरी होती. त्याचे सहकारी मात्र पुरेशा धावा काढू शकले नाहीत. म्हणजे आकडा साऱ्या संघाचा, नाव एकट्याचे!

मग धावांची सरासरी तरी निर्दोष असते का? तिच्यातून क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळतात. पण जो क्षेत्ररक्षक चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याची चूक सहसा नोंदली जात नाही. शिवाय योगायोग असतोच. होम रन सोडून मैदानात टोलवलेल्या चेंडूंपैकी किती सुरक्षित पडतात, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो, असे व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ साली मांडले. हे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास असते.

आता एक प्रयोग करा. पिशवीत ३ लाल व ७ पांढऱ्या गोट्या घाला. न पाहता एक काढा, रंग लिहा, गोटी परत टाका. असे ५० वेळा करा. लाल गोटी १५ वेळा यावी. पण कधी १२ वेळा येईल, कधी १८ वेळा. पिशवी तीच, आकडा वेगळा! हंगामात असे ५०० चेंडू धरले, तर १५० सुरक्षित फटके अपेक्षित. पण नुसत्या योगायोगाने ते १४० किंवा १६० सहज होतात. पिचरचे कौशल्य तसूभरही न बदलता एक वर्ष चांगले, दुसरे वाईट दिसते.

रायनला १९८७ चा उत्कृष्ट पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार मिळाला नाही. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचे विजय १० आणि पराभव ९ होते, धावांची सरासरी मात्र १.७०. पुरस्कार त्यालाच मिळाला. परीक्षकांनी आकडे टाकून दिले नव्हते. कोणता आकडा कोठवर बोलतो, हे ओळखले होते.

तुम्हीही एखादी सरासरी वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. ती किती प्रसंगांवरून काढली? आणि तिच्यात इतरांचा वाटा किती?