बीबीसी मायक्रोचा नवा रॉम
केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १ डिसेंबर १९८१ रोजी बीबीसी मायक्रो बाजारात आणला, तेव्हा त्याची ऑपरेटिंग सिस्टीम पुरी झालेली नव्हती. ब्रिटिश टीव्हीवरची संगणक शिकवणारी मालिका तोंडावर आली होती. म्हणून पहिल्या यंत्रांत ०.१ ही अपुरी आवृत्ती गेली, तीही ४ किलोबाइटच्या चार ईप्रॉमांत, म्हणजे पुसता येणाऱ्या रॉम चिपांत. रॉमसाठी बोर्डावर सॉकेटे पाच. चार या चिपांनी अडवली, पाचव्यात बेसिक. फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा तर त्याच्या रॉमला जागाच नाही, आणि जागा केली तरी ०.१ ला तो चालवता येत नसे.

१.२ आवृत्ती आली ती १६ किलोबाइटच्या एकाच चिपमध्ये. तीन सॉकेटे मोकळी झाली आणि माझ्या मते हे यंत्र खऱ्या अर्थाने तेव्हा पुरे झाले. ६५०२ प्रोसेसरला एका वेळी ६४ किलोबाइटच दिसतात: ३२ रॅम, १६ ऑपरेटिंग सिस्टीम आणि उरलेल्या १६ मध्ये बाकीचे रॉम आळीपाळीने. 'वर्डवाइज'सारखा लेखनाचा प्रोग्रॅमही चिप म्हणूनच विकत मिळे. सॉकेटमध्ये बसवा, यंत्र सुरू करा, एक आज्ञा द्या, की तो हजर. डिस्कवरून काही वाचायची वाटच पाहायची नाही.

आज कुणाच्या हाती ०.१ चे यंत्र आले, तर त्या चिपांच्या जागी १.२ ची चिप बसवता येते. घाई मात्र नको. झाकणाचे स्क्रू काढून किबोर्ड सैल करून बाजूला घ्यावा लागतो, कारण सॉकेटे त्याच्या खाली असतात. चिप एका टोकाकडून ओढली तर पाय वाकतात. दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलावी. नवीन चिपची खाच शेजारच्या चिपांच्या दिशेलाच हवी. बोर्डावरचे काही जम्परही बदलावे लागतात. मग '*हेल्प' दिले की पडद्यावर १.२० उमटते.

या रॉमचा एक भाग मला फार प्रिय आहे. शेवटच्या १६ किलोबाइटमधले ७६८ पत्ते पोर्टांसाठी राखलेले आहेत. तिथे प्रोसेसरला रॉमऐवजी पोर्टच उत्तर देतात, म्हणून चिपमधली तेवढी जागा झाकली जाते. ती एकॉर्नच्या मंडळींनी वाया घालवली नाही. संगणक घडवायला हातभार लावणाऱ्यांचे नावानिशी आभार त्यांनी तिथे मानले. चिप काढून रीडरमध्ये घातली की ती सगळी यादी वाचता येते. पुढे एआरएम प्रोसेसर घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचे हात या यंत्राला लागलेले आहेत.

१९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून ही यंत्रे भारतातल्या शाळांतही आली. अडगळीच्या खोलीत एखादे सापडले, तर काढलेली चिप टाकून देऊ नये. ईप्रॉममधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत जातो. चिपच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल तसेच राहू द्यावे, कारण अतिनील किरणांनी आतले सारे पुसले जाते. आणि नवा रॉम बसवण्याआधी जुन्याची प्रत काढून घ्यावी.