चौकट : ‘नीट’पलीकडची तयारी

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत कानडी आणि मराठी दोन्ही कानांवर पडतात. डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या इथल्या बारावीच्या मुलामुलींसाठी ही आयती शिदोरीच. पोटात ‘दुखतंय’ की ‘कळ येतेय’, हे रुग्णाच्याच बोलीत विचारता आलं की निम्मं निदान सोपं होतं.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा 720 गुणांची. तिथे संवादाला एकही गुण नाही! पुढे मात्र त्याच्याशी गाठ पडतेच. 2019पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांचं प्रशिक्षण आहे. सुरुवातीच्या पायाभूत वर्गात प्रथमोपचार, संगणक आणि स्थानिक भाषाही असते.

प्रथमोपचार त्याआधीच शिकता येतो. हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या छातीच्या मधोमध तळहाताची टाच रोवायची, दुसरा हात त्यावर ठेवायचा, कोपरं ताठ. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुतळ्यावर दोन मिनिटांत घाम फुटतो. पुस्तकात हे कळत नाही.

भाषेचं मोल जाणणारा डॉक्टर याच सोलापूर जिल्ह्याने दिला. सोलापुरात 1910मध्ये जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस 1938मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथे चिनी शिकले आणि त्याच भाषेत शल्यचिकित्सा शिकवू लागले.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सोलापुरातच आहे. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत, एवढं अर्ज भरण्याआधी तपासा.