वाफ्याला कधी काय पांघरायचं?



घरामागे मेथी, पालक, वांगी, मिरची आपण बहुतेकजणी लावतो. त्याला पाणी कुठलं? मोरीचं, नाहीतर हंड्याने आणलेलं. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माणमध्ये त्याचा दहावा हिस्सा, आणि शेजारच्या आटपाडीची गतही तीच. म्हणून वाफ्यात ओतलेला तांब्याभर पाणीसुद्धा उन्हा-वाऱ्याला द्यायचं नाही. त्यासाठी आच्छादन हवं. पण एकच आच्छादन बारा महिने चालत नाही.

आधी घालायचं काय ते ठरवू. कडबा आणि सरमाड वाफ्यावर घालू नका. दुष्काळात चारा छावणीपर्यंत जनावरं न्यावी लागतात, तिथे चारा मातीत घालणं परवडत नाही. गव्हाणीत गुरांनी टाकलेली चिपाडं, लिंबाचा वाळला पाला, उसाचं पाचट, तुरकाट्यांचे तुकडे हे चालतं. बी धरलेलं गवत मात्र नको, नाहीतर खुरपणी वाढते.

उन्हाळा : मार्चपासून जाड थर द्या, चार बोटं तरी. आधी पाणी द्यायचं, मग झाकायचं. कोरडी माती झाकून उपयोग नाही. शिवाय वर सावली हवी. पालेभाजीला ५० टक्के सावलीचं शेडनेट पुरतं. ७५ टक्क्यांच्या नेटखाली रोपं उजेडासाठी नुसती उंच, लेचीपेची वाढतात. नेट नसेल तर जुनी साडी बांधा. ती पश्चिमेच्या बाजूला हवीच, कारण दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं. कापड पानांना टेकू देऊ नका. खालून वारा खेळला पाहिजे.

पावसाळा : जून-जुलैत आपल्याकडे वारा फार आणि पाऊस भुरभुर. जाड थर असला तर तेवढं पाणी पाल्यातच अडकतं आणि वाऱ्याने उडून जातं. म्हणून थर बाजूला सारा, माती भिजू द्या, मग परत ओढा. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस जोरात येतो. तेव्हा दोन बोटांचा विरळ थर ठेवा, म्हणजे मातीचे शिंतोडे टोमॅटोच्या खालच्या पानांवर उडत नाहीत आणि करपा कमी येतो. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो.

हिवाळा : थंडीत काकडी-दोडक्याचं बी उगवायला वेळ लावतं. रात्री वाफ्यावर काड्यांची कमान करून कापड टाका आणि ऊन वर आलं की काढा. प्लॅस्टिक टाकलं असेल तर काढायला विसरू नका. आत वाफ धरून रोपं होरपळतात.

मिरचीच्या रोपांवर मात्र कोणत्याही हंगामात बारीक जाळीचं नायलॉनचं कापड हवं. फुलकिडे आणि पांढरी माशी बाहेर राहिली तर बोकड्या कमी येतो. जाळीच्या कडा मातीने दाबा. फट राहिली तर जाळी असून नसल्यासारखी.

मल्चिंग पेपरचं काय? ठिबक असेल, टोमॅटोची लांब ओळ असेल तर तो चांगला. चार वाफ्यांच्या परसबागेला तो नको. पाणी तांब्याने घालायचं तर ते नेमकं भोकातच ओतावं लागतं, आणि फाटलेले तुकडे शेळीच्या पोटात जातात.

आच्छादनाखाली वाळवी लागते, हेही खरं. आठवड्यातून एकदा पाला उलटापालटा करा आणि वाळवी दिसली तर तेवढा भाग उचलून कोंबड्यांपुढे टाका.

पाणी कधी द्यायचं ते वरून कळत नाही. पाला सारून बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आजचा हंडा वाचला. दोन वाफे शेजारी करा, एक झाका, एक उघडा ठेवा, आणि कुठल्या वाफ्याला किती तांबे लागले ते पंधरा दिवस भिंतीवर रेघा मारून मोजा. तुमच्या मातीला काय मानवतं, ते त्या रेघांवरून कळेल.